पाचेको घराण्याचा खोकला

१ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी ७.

आज माझ्यावर लबाडीचा आळ आला. माझ्यावर! वजनमापं खात्यात बत्तीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. काटा मारणारा एकही खाटीक, एकही कॉफीवाला अख्ख्या याउको गावात माझ्या हातून सुटला नाही. आणि आज भर मंडळात प्लासिदो न्हावी मला म्हणतो, इन्स्पेक्टर, तू खोकून भिडूला खुणा करतोस.

घडलं ते लिहून ठेवतो, पुढे कामाला येईल. आमचं डॉमिनोचं मंडळ. नाव 'मुक्याचं मंडळ'. डॉमिनो एका मुक्याने शोधला असं आमच्याकडे म्हणतात, ते वाक्य भिंतीवर रंगवलेलंच आहे. दोघांदोघांच्या जोड्या, खेळताना अवाक्षर काढायचं नाही. माझा भिडू चागो, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चागो सोंगटी उचलून रांगेच्या डाव्या टोकाला लावायला निघाला. मला खोकला आला. चागोने हात फिरवून ती उजव्या टोकाला लावली. डाव आमचा. बस, एवढंच.

प्लासिदोने टेबलावर अशी मूठ आपटली की सोंगट्या उडाल्या. म्हणाला, बघा रे, सगळ्यांनी बघा! हा खोकला की त्याचा हात वळतो! बैल तरी इतका ऐकतो का कुणाचं!

मी शांतपणे सांगितलं की हा अकरा वर्षांचा जुना, आनुवंशिक खोकला आहे. आजोबांना होता, वडिलांना होता. शांतपणे म्हणजे उभं राहून. खुर्ची आपोआप पडली.

अध्यक्ष मिग्दालियाबाई. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं, अजून माणसाकडे बघतात ते जीभ दाखव म्हटल्यासारखं. त्यांनी निकाल दिला. चार ऑक्टोबरला गावच्या जत्रेतली स्पर्धा. त्याआधी, खोकला तुमच्या हातात नाही असं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. नाहीतर जोडी बाद.

बाद! चार वर्षं ओळीने कप आमच्याकडे आहे. पाचव्यांदा जिंकलं की चौकातल्या सिमेंटच्या टेबलावर जोडीचं नाव कोरतात, कायमचं. आजवर एकाच जोडीचं कोरलंय, आणि ते दोघेही वारले. कोरणाऱ्याला मी मार्चमध्येच नावं लिहून दिली आहेत. माझं वर.

परत येताना चौकातून डावीकडे वळून घर येईपर्यंत चागो एक शब्द बोलला नाही. बिचाऱ्याच्या मनाला फार लागलंय.

संकल्प : १) सर्टिफिकेट आणणे. २) प्लासिदोकडे केस कापणे बंद.

२ ऑगस्ट, रविवार.

आविल्दाला, म्हणजे बायकोला, सगळा अन्याय सविस्तर सांगितला. ती तुरीच्या दाण्यांचा भात हलवत होती. हलवता हलवता म्हणाली की बेर्तो, तू आज चर्चमध्ये तासभर बसलास, एकदा तरी खोकलास का?

चर्चमध्ये धूप असतो. धूप जंतू मारतो.

मग म्हणाली, आणि टीव्हीवर बेसबॉल बघतोस तेव्हा?

तेव्हा मी आरामखुर्चीत मागे रेललेला असतो. घशाचा कोन वेगळा पडतो. डॉमिनोला माणूस पुढे वाकतो. हे कुणालाही कळेल. आविल्दा हं म्हणाली आणि भातावर झाकण ठेवलं. तिला शास्त्राची आवड नाही.

स्वतःशी प्रामाणिक राहायचं म्हणून एक निरीक्षण लिहून ठेवतो. चागो चुकीच्या टोकाकडे हात नेतो तेव्हा घसा जरा जास्त खवखवतो. काळजीमुळे. काळजीचा घशावर परिणाम होतोच. यात लपवण्यासारखं काही नाही, पण मिग्दालियाबाईंना सांगण्यासारखंही काही नाही.

५ ऑगस्ट, बुधवार.

डॉक्टरांकडे गेलो. फोटो काढला, छाती स्वच्छ. दमा नाही. पोटातलं आम्ल वर येत नाही. नाक मोकळं. डॉक्टर म्हणाले, पाचेको, तुझी फुप्फुसं घोड्याची आहेत रे! ऐकून फार वाईट वाटलं.

सर्टिफिकेट हवं म्हटल्यावर म्हणाले, कशाचं देऊ, घोड्याचं? पण मग एक गोष्ट त्यांच्या तोंडून निघाली. पॉन्से शहरात काही डॉक्टर जुनाट खोकलेवाल्यांचा अभ्यास करतायत. काही लोकांच्या जनुकातच थोडा फरक असतो, त्यामुळे त्यांचा घसा जास्त हळवा असतो का, हे ते बघतात.

जनुक! अगदी हेच मी प्लासिदोला सांगत होतो. विज्ञानाला कळायला वेळ लागला, एवढंच.

उत्साहाने मला खोकला आला. डॉक्टरांनी घड्याळात बघितलं.

९ ऑगस्ट, रविवार.

पॉन्सेहून फॉर्म आला. घराण्यात कोणाकोणाला खोकला होता, कधीपासून, कशाने वाढायचा, सगळं लिहायचंय. पाचेको घराण्याचं सोनं आता झळकणार. कार्मेलिना आत्याला फोन लावला. वय त्र्याण्णव, डोळे गेले पण आठवण पोलादी.

विचारलं, आत्या, आजोबांना खोकला होता ना? आत्या म्हणाली, होता तर! दर रविवारी. चिंचेखाली डॉमिनोला बसले की खो खो खो. घरी आले की बंद. आई म्हणायची, चिंचेचा फुलोरा बाधतो ह्यांना.

वडिलांचं विचारलं. आत्या म्हणाली, तुझा बाप गुरुवारी खोकायचा. गुरुवारी त्यांचा डॉमिनो असे.

लुइस काका? तोही खोकायचा रे, फार खोकायचा. मग त्याने पंथ बदलला, पाद्रीबाबाने डॉमिनो सोडायला लावलं आणि त्याच महिन्यात खोकला पळाला. प्रार्थनेची ताकद बघ!

सगळं जसंच्या तसं फॉर्ममध्ये लिहिलं. तीन पिढ्या, तीन पुरुष, तीच लक्षणं. असा भक्कम पुरावा घेऊन बत्तीस वर्षांत एकही खटला मी हरलो नव्हतो. आविल्दाने फॉर्म वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि विचारलं की हा तू खरंच देणार आहेस का?

म्हटलं, देणार म्हणजे! शिक्का मारून.

१४ ऑगस्ट, शुक्रवार.

पॉन्से. डॉ. लुमारी तोरो. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, पण नीटनेटकी. मला काका म्हणते. म्हणाली, पाचेकोकाका, घशातल्या नसेवर तिखट ओळखणारं एक दार असतं असं समजा. काहींचं दार जराशा धक्क्याने उघडतं. ते दार बनवायची कृती जनुकात लिहिलेली असते, तिच्यात एखादं अक्षर वेगळं असेल तर काय होतं, ते आम्ही शोधतोय. लाळ घेतली. मग टेस्ट. मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याचा नळीतून एकेक श्वास घ्यायचा. दर वेळी तिखट दुप्पट. पाचदा खोकलं की थांबायचं. तिने बजावलं की काका, मुद्दाम दाबायचा नाही आणि मुद्दाम काढायचाही नाही, येईल तसा येऊ द्या.

माझ्याआधी एक म्हातारी होती, प्रोविदेन्सिया मावशी. वय एक्याऐंशी. बाहेर बाकावर तिच्याशी बोलणं झालं, म्हणजे जेवढं ती खोकल्याच्या मधून बोलू शकली तेवढं. तीस वर्षांचा खोकला. खोकून एकदा बरगडी मोडली. अंत्ययात्रेत लोक वळून बघतात म्हणून आता कुणाच्या मातीला जात नाही. नातीचा गाण्याचा कार्यक्रम शाळेबाहेर गाडीत बसून, काच खाली करून ऐकला. मी म्हटलं, मावशी, माझंही अगदी असंच आहे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की अगं बाई, तू बराच वेळ बसलायस ना इथे, मला वाटलं तू कुणाला सोडायला आलायस.

ती आत गेली आणि पहिल्याच फवाऱ्याला पाचदा खोकून बाहेर आली. पहिल्याच! मला कीव आली. ठरवलं, पाचेकोंचा घसा काय चीज आहे ते इथे दाखवायचं.

दाखवलं. चौथा, पाचवा, सहावा. डोळ्यांतून धारा लागल्या, पण हूं नाही की चूं नाही. नर्स म्हणाली, बापरे, काका! त्यामुळे आणखी दोन घेतले. आठव्यानंतर मला डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं.

आजवरच्या सगळ्या लोकांत पहिल्या तिघांत आलो. चागोला फोन करून सांगितलं.

१५ ऑगस्ट, शनिवार. पहाटे ६.

आत्ता दात घासताना लक्षात आलं. खोकायचं होतं.

१५ ऑगस्ट. सकाळी १०.

डॉ. लुमारीला फोन केला. तिलाही माझा संशय आलेलाच होता. म्हणाली, तुम्ही दाबत होता ना काका? कानशिलं जांभळी झाली होती तुमची. मोठ्या मनाने कबूल केलं. अठ्ठावीसला पुन्हा बोलावलंय.

२८ ऑगस्ट, शुक्रवार.

आजची टेस्ट नेत्रदीपक. चूक एकदाच करतो मी. पहिला फवारा आत गेला आणि घशात वणवा पेटला. अकरा वेळा खोकलो. नर्सने पाण्याचा ग्लास पुढे केला तो खोकल्याच्या भरात तिच्याच अंगावर सांडला. सगळं इतकं नैसर्गिक झालं की माझे मलाच डोळे भरून आले.

डॉ. लुमारीने कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, फार तिखट लागलं का काका? म्हटलं, पोरी, जाळ! तिने मान खाली घालून आणखी एक ओळ लिहिली. संवेदनशील मुलगी आहे.

११ सप्टेंबर, शुक्रवार.

पत्र आलं! असल्या अभ्यासात एकेकट्याला निकाल कळवत नाहीत म्हणे. मी नऊ फोन केले, दहाव्याला त्यांच्या वरिष्ठांनी परवानगी दिली. पहिल्या परिच्छेदात काळ्यावर पांढरं, म्हणजे पांढऱ्यावर काळं लिहिलंय : आम्ही शोधत असलेला जनुकातला फरक श्री. एरिबेर्तो पाचेको यांच्यात आढळला.

आढळला!

पुढे आणखी तीन परिच्छेद आहेत. ते तांत्रिक आहेत. वाचले नाहीत. पत्र, वंशावळीचा फॉर्म, छातीचा फोटो, सगळं फायलीत लावलं. फाइल लाल. चागोला दाखवायला गेलो. त्याने पहिला परिच्छेद वाचला, मग उरलेले तीनही वाचले आणि म्हणाला, दाजी, ही फाइल घरीच ठेवू या का?

भाबडा आहे. हरवेल म्हणून घाबरतो.

१९ सप्टेंबर, शनिवार.

मंडळाची सभा. अठरा लोक हजर, मेजवानी असल्यासारखे. खारवलेल्या माशाची भजीसुद्धा कुणीतरी आणली होती. मी भाषण तयार केलं होतं, पण मिग्दालियाबाई म्हणाल्या, भाषण राहू दे, कागद बोलू दे. चष्मा लावला आणि सगळी फाइल मोठ्याने वाचली. सगळी. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा न सोडणारी बाई ती.

पहिला परिच्छेद वाचला. मी प्लासिदोकडे बघितलं.

दुसरा परिच्छेद. हाच फरक अभ्यासातल्या, कधीही न खोकणाऱ्या, पुष्कळ निरोगी लोकांतही आढळला आहे. तो एकेका माणसाविषयी काहीही सिद्ध करत नाही.

तिसरा. पहिल्या चाचणीत श्री. पाचेको आठव्या मात्रेपर्यंत खोकले नाहीत. दुसऱ्या चाचणीत ते पहिल्या श्वासाला अकरा वेळा खोकले. तो श्वास साध्या मिठाच्या पाण्याचा होता. तुलनेसाठी असा श्वास न सांगता देण्याची पद्धत आहे.

इथे मागे कुणाच्या तरी नाकात भजं गेलं.

चौथ्यात एवढंच की खोकला आवरायचे व्यायाम असतात, श्री. पाचेको यांची इच्छा असल्यास शिकवू.

मग बाईंनी वंशावळ उघडली. आजोबा, रविवारी, चिंचेखाली, डॉमिनोच्या वेळी. वडील, गुरुवारी, डॉमिनोच्या वेळी. काका, डॉमिनो सोडल्यावर खडखडीत बरे. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मंडळात भिंतीवरच्या वाक्याला शोभेल अशी शांतता पसरली. प्लासिदो म्हणाला, मला काही बोलायचं नाही, पाचेकोंनीच सगळं बोलून ठेवलंय.

मी उभा राहून म्हणालो की यालाच आनुवंशिक म्हणतात! हास्याचा इतका गडगडाट झाला की पुढचे मुद्दे कुणाला ऐकूच गेले नाहीत.

निकाल : जोडीने खेळावं. पण एक खोकला आला की तो डाव गेला. मान्य केलं. टाळ्या पडल्या नाहीत, पण पडायला हरकत नव्हती.

बाहेर आल्यावर चागोचा चेहरा पांढराफटक. म्हणाला, दाजी, यंदा नको खेळू या. म्हटलं, का? तर म्हणे, खोकल्याशिवाय? अख्खी स्पर्धा? माझ्या प्रकृतीची केवढी काळजी त्याला! त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, तू फक्त तुझा खेळ खेळ. तो आणखी पांढरा झाला.

२६ सप्टेंबर, शनिवार.

पॉन्सेला जाऊन व्यायाम शिकलो. खवखव आली की पाण्याचा घोट, गिळायचं, मग नाकाने हळू श्वास. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की असा झटपट शिकणारा पेशंट त्यांनी पाहिला नाही, बाकीच्यांना महिनोन्‌महिने घाम गाळावा लागतो. आठवड्याभरात खोकला शून्य. इच्छाशक्ती याला म्हणतात.

सरावाचे सहा खेळ खेळलो. सहाही हरलो. कारण उघड आहे, मी पाण्याचा घोट घेतो त्या आवाजाने चागोचं लक्ष उडतं. पेला बदलला.

४ ऑक्टोबर, रविवार.

पहिल्या फेरीत बाहेर.

पाचशे गुण विरुद्ध आमचे चाळीस. समोर पॉन्सेच्या बाकावरची प्रोविदेन्सिया मावशी आणि तिची बहीण कासिल्दा; जत्रेत बाहेरगावचेही नाव देतात. दोघी मिळून एकशे साठ वर्षांच्या. मावशी सबंध खेळभर खोकत होती. आपली सोंगटी लावताना, आम्ही आमची लावताना, कासिल्दा विचार करत असताना, गुण लिहिताना. कुठे मेळ नाही, कुठे खंड नाही. मिग्दालियाबाईंनी तिला काही विचारलंसुद्धा नाही. उलट स्वतः उठून तिच्या पाठीमागे उशी ठेवली.

मी खोकलो नाही. एकदाही. याची मंडळाने नोंद घ्यावी.

चागोने सोंगटी उचलली की हात टेबलावर मधोमध थांबायचा. डावीकडे जरासा, मग उजवीकडे जरासा, मग पुन्हा मध्येच. वाट बघत. मी पाण्याचा घोट घेत होतो, गिळत होतो, नाकाने श्वास घेत होतो. घशात आग्यामोहोळ उठलं होतं, कारण मला स्वच्छ दिसत होतं की हा चुकीच्या टोकाला चाललाय. शेवटी डोळे मिटून त्याने लावली. चुकीच्या टोकाला. पुन्हा चुकीच्या. अकरा वर्षांचा माझा भिडू, नवशिक्यासारखा. त्याच्या कपाळावरून घाम सोंगटीवर टपकला.

पंच प्लासिदो होता. मला वाटलं हसेल. तो हसला नाही, खाली बघून गुण लिहीत राहिला. ते मला फार लागलं.

उठताना मावशीने माझा हात धरला. म्हणाली, नशीबवान आहेस रे बाबा. तुझा खोकला तुझं ऐकतो. पुढचं बोलायला ती तोंड उघडत होती, पण तिला खोकला आला, तो थांबेना, आणि कासिल्दा तिला धरून बाहेर घेऊन गेली.

५ ऑक्टोबर, सोमवार.

चागो आला. बसला नाही. दारातच म्हणाला की दाजी, मला डॉमिनो येत नाही.

म्हटलं, काल सगळ्यांचाच दिवस वाईट होता. तर म्हणे, नाही हो, मला कधीच येत नव्हता. समोर कुणाकडे काय असेल, पाचाच्या किती सोंगट्या निघाल्या, किती राहिल्या, माझ्या डोक्यात राहतच नाही. पहिल्या वर्षी मी एकदा डावीकडे निघालो, तुम्ही खोकलात, मी घाबरून उजवीकडे लावली आणि आपण जिंकलो. तेव्हापासून मी हात जरा आधी पुढे करतो आणि ऐकतो. तुम्ही खोकलात तर दुसरीकडे, नाही खोकलात तर तिथेच. एवढंच येतं मला. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करता. मेव्हण्याला सांभाळून घेताय, असं वाटायचं. म्हणून तर बोललो नाही कधी.

मी म्हटलं, मी मुद्दाम करत नव्हतो.

तो म्हणाला, दाजी, मग तर फारच वाईट झालं.

तो गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन आविल्दाला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, बेर्तो, सगळ्या गावाला माहीत होतं, तुझ्या तोंडावर सांगणार कोण, तू इन्स्पेक्टर. म्हटलं, शपथेवर सांगतो, मला खरंच माहीत नव्हतं. ती म्हणाली, शपथ घे, पण घेताना खोकू नकोस.

मग हसली आणि मग तिचं हसू गेलं, कारण मी हसलो नाही. मला लाज वाटतेय. खूप लाज वाटतेय. आयुष्यभर लोकांच्या तराजूखाली चिकटवलेलं शिसं शोधत फिरलो. त्यातले निम्मे लोक हेच म्हणायचे, साहेब, मला खरंच माहीत नव्हतं. एकाचंही मी ऐकून घेतलं नाही.

७ ऑक्टोबर, बुधवार. दुपार.

चारही कप गोणीत घालून चागो आणि मी मंडळात गेलो. मिग्दालियाबाईंसमोर एकेक काढून ठेवला. म्हटलं, काटा खोटा होता, सील ठोका. तिथे प्लासिदोही होता. त्याला बोलायची उत्तम संधी होती. त्याने खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, इन्स्पेक्टर, केस फार वाढलेत तुझे, शनिवारी ये.

मिग्दालियाबाईंनी कप कपाटात ठेवले. भिंतीवरचा आमचा फोटो मात्र राहू दे म्हणाल्या, खाली भिंतीला भोक आहे. टेबलावर यंदा कुणाचंच नाव नाही. मावशी उपांत्य फेरीत खोकून खोकून बेजार झाली आणि तिला खेळ सोडावा लागला. रविवारी तिच्या घरी जाणार आहे, व्यायाम शिकवायला. तिने बोलावलेलं नाही, पण मी म्हटलं की मला ते चांगले जमतात. आविल्दा म्हणाली, जमणारच, तुला खोकला कुठे आहे?

परत निघालो. गोणी रिकामी, हलकी, चागोच्या खांद्यावर. चौकात कॉफी भाजण्याचं काम चाललं होतं. धुराचा लोट अंगावर आला, थेट घशात गेला आणि मला खोकला आला. खरा. देवाशपथ खरा, आतड्यापासून उसळून आलेला, आवरता न येणारा.

चागो डावीकडे निघाला होता. तो थबकला. मान खाली घातली आणि निमूटपणे उजव्या रस्त्याला लागला.

घर डावीकडे आहे. मी त्याच्या मागून गेलो.